कंपनीने सपोर्ट बंद केला, आता घरातल्या स्मार्ट वस्तूंचं काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरातलं आणि अजून तीन-चार नातेवाइकांच्या घरातलं सगळं स्मार्ट प्रकरण माझ्या गळ्यात आहे. बल्ब, प्लग, कॅमेरे, एसीच्या रिमोटचं काम करणारं आयआर ब्लास्टर, सगळं. कुणाचंही ॲप रुसलं की फोन मला, आणि प्रश्न तेच ते, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. यापुढे फोन आला की ही लिंक पाठवणार.

सपोर्ट बंद म्हणजे नक्की काय बंद होतं? वस्तू चालायची थांबते का?

या एका शब्दाखाली कंपन्या तीन वेगळ्या गोष्टी खपवतात. पहिली म्हणजे नवे अपडेट येणं बंद, वस्तू चालत राहते पण एखादी सुरक्षेची भोकं सापडली तर ती कुणी बुजवणार नाही. दुसरी, ॲप स्टोअरवरून जातं, जुन्या फोनमध्ये चालतं पण नवीन फोन घेतला की संपलं. आणि तिसरी म्हणजे सर्व्हरच (कंपनीचा दूरचा कॉम्प्युटर) बंद. खरा घात हा तिसरा करतो.

कारण असं की तुम्ही हॉलमध्ये बसून फोनवर बटण दाबता, बल्ब डोक्यावर सहा फुटांवर असतो, पण तो निरोप आधी कुठल्यातरी परदेशातल्या सर्व्हरवर जातो आणि तिथून परत तुमच्या हॉलमध्ये येतो. सर्व्हर गेला की तुमचा आणि बल्बचा संवाद संपला, बल्ब धडधाकट असला तरी.

रिव्हॉल्व्ह नावाचा एक हब (सगळ्या स्मार्ट वस्तू एकत्र चालवणारा डबा) होता, तीनशे डॉलरचा. गूगलच्या नेस्टने २०१४ मध्ये ती कंपनी विकत घेतली आणि १५ मे २०१६ ला सर्व्हर बंद करून टाकला, लोकांच्या टेबलावर नुसता डबा उरला. त्याच्या उलट नेस्टचे स्वतःचे पहिल्या-दुसऱ्या पिढीतले थर्मोस्टॅट (घराचं तापमान सांभाळणारं भिंतीवरचं यंत्र), त्यांचा सपोर्ट २५ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण भिंतीवर जाऊन हाताने फिरवलं तर ते अजून चालतात, फक्त फोनवरून चालत नाहीत. (आपल्याकडे हे प्रकरण फारसं नाही, पण अमेरिकेत भाऊ-बहीण असेल तर त्यांना विचारा. तिकडे हौशी लोकांनी त्यावर स्वतःचं सॉफ्टवेअर चढवून ते परत फोनला जोडायचा जुगाडही शोधून काढलाय.)

माझी वस्तू सर्व्हरवर अवलंबून आहे का, कसं कळणार?

सोपी टेस्ट. राउटर चालू ठेवायचा, वायफाय चालू ठेवायचं, फक्त बाहेरून येणारं नेट तोडायचं. राउटरमध्ये येणारी लॅनची वायर असेल तर ती काढा. फायबरची बारीक वायर असेल तर जपून, ती वाकली की भुर्दंड तुम्हाला. किंवा काहीच करू नका, थांबा, नेट आपोआप जाईलच एक दिवस. 😄 मग फोनचा मोबाईल डेटा बंद करा, हे नव्वद टक्के लोक विसरतात आणि मला सांगतात की "अरे चालतंय की", आणि मग ॲपमधून बटण दाबा.

चाललं तर मस्त, वस्तू घरातल्या घरात बोलते. नाही चाललं तरी लगेच रडू नका, कारण कधीकधी वस्तूला जमत असतं पण ॲपच लॉगिन लॉगिन करत अडून बसतं. अशा वेळी मॅन्युअलमध्ये किंवा सेटिंगमध्ये लॅन कंट्रोल, लोकल एपीआय, मॅटर, होमकिट (ॲपलची स्मार्ट घराची व्यवस्था), झिग्बी, आणि कॅमेरा असेल तर आरटीएसपी किंवा ओनव्हिफ, यातला एखादा शब्द दिसतो का बघा. ही सगळी वस्तूंशी घरातल्या घरात बोलायच्या पद्धतींची नावं आहेत. दिसला तर आशा आहे. उदाहरणार्थ विझ (WiZ) ब्रँडचे बल्ब घरच्या नेटवर्कवर थेट निरोप ऐकतात, यीलाइट ब्रँडच्या ॲपमध्ये लॅन कंट्रोलचं बटण असतं, शेली कंपनीच्या रिलेला (भिंतीवरच्या बटणामागे बसणारा छोटा स्विच) तर क्लाउड, म्हणजे कंपनीचा सर्व्हर, लागतच नाही.

बंद होण्याची तारीख जाहीर झाली आहे, अजून एक-दोन महिने आहेत. काय करू?

हा प्रश्न वेळेवर विचारणारे लोक फार कमी, त्यामुळे तुम्ही आधीच अर्धी लढाई जिंकलात.

सगळ्यात आधी काय करायचं नाही ते सांगतो. रीसेट मारायचं नाही. लॉगआउट करायचं नाही. ॲप काढायचं नाही. जुना फोन, ज्यात ते ॲप चालतंय, तो फॉरमॅट करून भाच्याला द्यायचा नाही. कारण रीसेट झालेली वस्तू परत चालू करायला बऱ्याचदा सर्व्हरची परवानगी लागते, आणि सर्व्हर गेल्यावर ती परवानगी द्यायला कुणी नाही. न रीसेट केलेली वस्तू मात्र अनेकदा वर्षानुवर्षं चालत राहते.

मग ज्या वाटा अजून उघड्या आहेत त्या वापरून घ्या. बेल्किन कंपनीच्या वेमो या स्मार्ट वस्तूंचं उदाहरण घ्या, त्यांनी ३१ जानेवारी २०२६ ही तारीख दिली आणि सांगितलं की होमकिट चालणारे प्लग त्या तारखेआधी होमकिटला जोडून ठेवले असतील तर पुढेही चालतील. म्हणजे तोच प्लग, तेच घर, पण ज्याने आधी पाच मिनिटं खर्च केली त्याचा चालू आणि ज्याने नंतर बघू म्हटलं त्याचा खेळ खलास.

कॅमेऱ्याचं जुनं रेकॉर्डिंग क्लाउडवर असेल तर उतरवून घ्या. टायमर कुठला किती वाजता लावलाय त्याचे स्क्रीनशॉट काढा, हे किरकोळ वाटतं पण आईच्या बाथरूमचा गीझर पहाटे किती वाजता लागायचा हे नंतर कुणालाच आठवत नाही.

शेवटचं अपडेट घ्यायचं की नाही? इथे माझंही मन दोन्हीकडे असतं. कधी कंपनी जाताजाता लोकल कंट्रोल उघडून देते, ते अपडेट सोडू नका. आणि कधी हौशी लोकांनी शोधलेली आत शिरायची वाट अपडेटनेच बंद होते. आधी इतरांनी काय अनुभव लिहिलाय ते वाचा, मग बटण दाबा.

नेट कंपनी बदलली, नवीन राउटर आला, आणि जुनं ॲप तर चालत नाही. प्लगला नवीन वायफाय कसं सांगू?

सांगूच नका! नवीन राउटरलाच जुनं नाव द्या. वायफायचं नाव आणि पासवर्ड जुन्या राउटरवर होता तसाच्या तसा ठेवायचा, छोटी लिपी मोठी लिपी, मधली स्पेस, सगळं तसंच. प्लग बिचारा नाव आणि पासवर्ड बघतो, डबा कुठल्या कंपनीचा आहे त्याला काय करायचंय.

दोन गोष्टी आडव्या येतात. बहुतेक स्वस्त वस्तू २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे राउटरमध्ये तो बँड चालू हवा. आणि सिक्युरिटीत नुसतं डब्ल्यूपीए३ असेल तर जुन्या वस्तूंना ते कळत नाही, डब्ल्यूपीए२ ठेवा. सांगलीच्या आत्याकडे नेटवाला मुलगा येऊन नवीन राउटर लावून गेला आणि नाव स्वतःच्या मनाने ठेवून गेला, अकरा वस्तू एका झटक्यात गप्प. फोनवर बसून नाव परत जुनं करायला लावलं, तर दहा मिनिटांत एकेक करत सगळ्या परत आल्या. आत्याला वाटतं मला जादू येते. वाटू दे.

ते होम असिस्टंट काय आहे? मला झेपेल का?

घरातल्याच एका छोट्या कॉम्प्युटरवर चालणारं फुकट आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर. २०१३ मध्ये सुरू झालं, आता ते ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहे, ती २०२४ मध्ये स्थापन झाली. कंपनीच्या सर्व्हरची जागा हे घेतं, म्हणजे निरोप तुमच्या घराबाहेर जातच नाही. शेकडो कंपन्यांच्या वस्तू त्याला ओळखता येतात.

झेपेल का, तर राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायची भीती वाटत नसेल तर झेपेल. एक शनिवार-रविवार जाईल आणि पुढचे दोन-तीन आठवडे घरचे वैतागतील. मशीन म्हणून रास्पबेरी पाय (एक छोटासा कॉम्प्युटर) चालतो किंवा जुना ६४ बिटचा लॅपटॉप. जुन्या लॅपटॉपचा फायदा असा की त्याला स्वतःची बॅटरी असते (तिच्यात जीव उरला असेल तर), लाइट गेली तरी तो जागा राहतो. विजेचं म्हणाल तर दहा वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला सातेक युनिट, फार नाही.

रास्पबेरी पायवर मेमरी कार्ड लावून विसरू नका मात्र. लाइट जाते, येते, पुन्हा जाते, आणि दोन-चार महिन्यांत कार्ड खराब होतं, मी दोन कार्डं घालवल्यावर शहाणा झालो. एसएसडी लावा, राउटर आणि रास्पबेरी पाय दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, आणि बॅकअप दुसरीकडे कॉपी होतोय ना बघा.

माझा बल्ब भारतीय ब्रँडचा आहे, त्याचं काय?

खोक्यावर ब्रँड कुठलाही असो, आतमध्ये बऱ्याचदा तुया नावाच्या चिनी कंपनीचं मॉड्यूल (वस्तू स्मार्ट करणारा छोटा सर्किटचा तुकडा) असतं. ब्रँडवाला नुसतं खोकं आणि ॲपचा रंग बदलतो. ही आपल्यासाठी खरंतर चांगली बातमी आहे, कारण ब्रँडने ॲप बंद केलं तरी तोच बल्ब बहुतेक वेळा स्मार्ट लाइफ या तुयाच्या मूळ ॲपमध्ये जोडता येतो. आधी एका बल्बवर करून बघा, सगळ्या घरावर नको.

पुढची पायरी म्हणजे लोकल की. तुयाच्या प्रत्येक वस्तूला एक गुप्त किल्ली असते, ती हातात असेल तर होम असिस्टंट त्या बल्बशी घरातल्या घरात बोलू शकतं, सर्व्हर गेला तेल लावत. ती मिळवायला तुयाच्या डेव्हलपर साइटवर फुकट खातं काढायचं, स्मार्ट लाइफ ॲपमधून क्यूआर कोड स्कॅन करून जोडायचं, मग तिथे प्रत्येक वस्तूची आयडी आणि लोकल की दिसते. एका कागदावर लिहून ठेवा. आणि हे पाठ करा की बल्ब रीसेट करून परत जोडला की लोकल की बदलते, जुनी कामाची राहत नाही. यावर मी अख्खी संध्याकाळ वाया घालवली आहे, होम असिस्टंटला शिव्या घालत बसलो होतो आणि चूक माझीच होती.

बिल्डरने फ्लॅटबरोबर स्मार्ट स्विचबोर्ड दिले होते, आता ती कंपनीच सापडत नाही.

हे इतकं वाढलंय की वेगळा प्रश्न केला. जाहिरातीत स्मार्ट होम लिहायचं, हॉल आणि बेडरूममध्ये काचेचे टच पॅनल बसवायचे, पझेशन दिलं की विषय संपला. दोन वर्षांनी ॲप उघडत नाही, बसवणाऱ्याचा नंबर लागत नाही. आमच्या ओळखीत एकांचं असं झालं की सगळं खातं बसवणाऱ्या मुलाच्या ईमेलवर होतं, तो नोकरी सोडून गेला, आणि घर यांचं पण घराच्या दिव्यांचा मालक तो!

तेव्हा नवीन पझेशन घेत असाल तर आत्ताच खातं स्वतःच्या ईमेलवर करून घ्या, ॲडमिन पासवर्ड घ्या, आत कुठलं मॉड्यूल आहे त्याचा फोटो घ्या.

वेळ टळून गेली असेल तर आधी हे बघा की पॅनलला हात लावून दिवे लागतात का. बहुतेक लागतात. मग घाई नाही. वायरमनला बोलावून मेन बंद करून मागचं मॉड्यूल बघा, त्यावर झिग्बी लिहिलं असेल तर नशीब, एक यूएसबी डोंगल आणि झिग्बीटूएमक्यूटीटी नावाच्या सॉफ्टवेअरने ते होम असिस्टंटला जोडलं जाण्याची बरीच शक्यता आहे. वायफायचं असेल तर तुया का ते बघा. काहीच ओळखू येत नसेल तर पॅनल काढून साधी बटणं लावा आणि हवं तिथे मागे छोटा रिले बसवा. तिथे एक अडचण येते, जुन्या बोर्डात न्यूट्रलची वायर नसते आणि बहुतेक रिलेंना ती लागते. वायरमनला आधीच विचारा, "बोर्डात न्यूट्रल आहे का?" तो "त्याची काय गरज" म्हणाला तर दुसरा वायरमन शोधा.

फर्मवेअर बदलतात म्हणे, ते काय?

वस्तूच्या आतलं कंपनीचं सॉफ्टवेअर (तेच फर्मवेअर) पुसून तिथे टास्मोटा किंवा ईएसपीहोम नावाचं दुसरं टाकायचं. मग ती वस्तू कायमची तुमची, कुठला सर्व्हर नाही, कुठलं खातं नाही. ज्यांच्यात ईएसपी८२६६ चिप आहे त्यांच्यावर हे छान चालतं. नंतरच्या बऱ्याच तुया वस्तूंत बीके७२३१ चिप येऊ लागली, तिच्यासाठी तसंच ओपनबेकन आहे.

मजा येते, पण वॉरंटी जाते आणि एखादा प्लग मरतो. आणि हे नीट वाचा, वायर लावून फ्लॅश करताना (म्हणजे नवं फर्मवेअर चढवताना) वस्तू कधीही सॉकेटमध्ये नको, थेट २३० व्होल्ट तुमच्या लॅपटॉपमध्ये आणि तुमच्यात येऊ शकतात. लॅपटॉप आणि चिप यांच्यामध्ये लावायचा प्रोग्रामर नावाचा छोटा अडॅप्टर ३.३ व्होल्टवर ठेवा, ५ व्होल्टने चिप जळते. पाचशेच्या आतल्या बल्बसाठी एवढं करायचं का हा तुमचा प्रश्न. मी करतो, पण मला दुसरे छंद नाहीत.

काल रात्रीपर्यंत चालत होतं, कंपनीने काही जाहीरही केलं नाही, आज अचानक बंद. रीसेट करू का?

नाही नाही नाही. थांबा दोन-तीन दिवस.

९ मार्च २०२५ ला जगभरातले गूगलचे दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट (टीव्हीला लावायची डबी) एकदम चालेनासे झाले. कारण काय, तर आतल्या एका सर्टिफिकेटची दहा वर्षांची मुदत संपली होती. सर्टिफिकेट म्हणजे वस्तूचं ओळखपत्र समजा, त्यावरची तारीख उलटली की समोरचा आत घेत नाही. गूगलने लोकांना मुद्दाम सांगितलं की रीसेट करू नका, आणि काही दिवसांत अपडेटने ते दुरुस्तही केलं. ज्यांनी घाईघाईत रीसेट केलं त्यांचे मात्र परत सेट होईनात आणि त्यांना जास्त थांबावं लागलं.

इन्स्टिऑन या स्मार्ट दिवे-स्विचवाल्या कंपनीचंही तसंच. एप्रिल २०२२ मध्ये एक दिवस सर्व्हर गप्प, ना ईमेल ना सूचना. जूनमध्ये त्यांच्याच काही ग्राहकांनी मिळून ती कंपनी विकत घेतली आणि सर्व्हर परत चालू केले. मधल्या काळात ज्यांनी हब रीसेट न करता होम असिस्टंटला जोडला त्यांचे दिवे चालू होते.

जुना कॅमेरा वापरत राहिलो तर धोका आहे का?

बल्बपेक्षा नक्कीच जास्त. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कॅमेरे आणि रेकॉर्डर असल्या वस्तू कंपनीच्या मूळ पासवर्डवरून ताब्यात घेतल्या आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांची फौज वापरून अमेरिकेत मोठमोठ्या वेबसाइट पाडल्या. मालकांना पत्ताही नव्हता.

अपडेट बंद झालेला कॅमेरा वापरायचाच असेल तर राउटरमध्ये जाऊन त्याचं बाहेरचं नेट बंद करा (पेरेंटल कंट्रोलमध्ये हा पर्याय असतो, खरंच), पासवर्ड बदला, आणि आरटीएसपी असेल तर त्याचं चित्र घरातल्या रेकॉर्डरवर किंवा फ्रिगेटसारख्या रेकॉर्डिंग करणाऱ्या सॉफ्टवेअरवर घ्या. नेट तोडल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ मागेपुढे होतं, रेकॉर्डिंगवर भलतीच वेळ येते, तेव्हा वेळ घरातल्याच मशीनवरून घ्यायला लावा. आरटीएसपी नाही, ओनव्हिफ नाही, फक्त क्लाउड, आणि क्लाउड बंद? मग तो कॅमेरा गेला. आणि बेडरूममध्ये तर जुना काय, नवीन पण नको.

मग बाहेरगावाहून घर कसं बघायचं?

टेलस्केल, म्हणजे तुमचा फोन आणि घरातलं मशीन यांच्यात खाजगी वाट बांधणारं ॲप. राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडू नका, आणि तसंही आपल्याकडच्या बऱ्याच नेट कंपन्या इंटरनेटवरचा एकच पत्ता अनेक घरांना वाटतात त्यामुळे पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही.

दाराचं स्मार्ट लॉक?

साधी किल्ली चालते ना? ती एक जोडी शेजाऱ्यांकडे ठेवा. चालत नसेल तर लॉक बदला, यात जुगाड नको.

कंपनीकडून पैसे परत मिळतात का?

कधीकधी, आरडाओरडा केला तर. लॉजिटेकने हार्मनी लिंक (फोनवरून टीव्ही वगैरे चालवणारा डबा) मार्च २०१८ पासून बंद करायचं ठरवलं होतं, लोक इतके भडकले की त्यांनी सगळ्यांना नवीन हार्मनी हब फुकट दिला. एकट्याने ईमेल करून हे होत नाही.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. बिल आणि खोक्यावर किंवा जाहिरातीत जे वचन दिलं होतं त्याचा फोटो ठेवा, फोनवरून चालेल असं विकलं असेल आणि वर्षभरात बंद केलं तर तक्रार करण्यात दम आहे. सात वर्षं वापरलेल्या प्लगसाठी मी तरी भांडणार नाही.

अपडेट किती वर्षं देणार हे आधीच सांगायची सक्ती ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून आहे, युरोपचा सायबर रेझिलियन्स कायदा मुख्यतः डिसेंबर २०२७ पासून लागू होईल. अमेरिकेत तिथल्या ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये १८४ स्मार्ट वस्तू तपासल्या तर जवळजवळ ८९ टक्के वस्तूंच्या वेबसाइटवर ही माहितीच नव्हती.

नवीन घेताना काय बघू?

दुकानदाराला विचारा, "नेट नसेल तर चालतं का?" तो गोंधळला तर पुढच्या दुकानात. झिग्बी आणि मॅटरवाल्या वस्तूंचा मूळ स्वभावच घरातल्या घरात बोलायचा आहे, म्हणून मी हल्ली तेच घेतो, थोडे महाग पडतात. फिलिप्स ह्यू बल्बांचा जुना गोल ब्रिज (त्यांचा हब) एप्रिल २०२० मध्ये निवृत्त झाला पण बल्ब झिग्बीचे असल्याने ते दुसऱ्या हबला जोडता आले. आणि भिंतीवरचं बटण जागेवर ठेवा, पाहुणे आल्यावर दिवा लावायला तुमचा फोन शोधावा लागतो ते फार वाईट दिसतं.

सगळं करून झालं, तरी नाही चालत. फेकू?

आता रीसेट मारा. इतका वेळ नको नको म्हणत होतो ते आत्ता करायचं, कारण आत तुमच्या वायफायचा पासवर्ड आहे. ॲप उघडत असेल तर आधी त्यातून वस्तू काढा आणि खातं डिलीट करा, मग रीसेट. कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढायला विसरू नका. मग ई-कचऱ्यात, घंटागाडीत नाही. किंवा मला आणून द्या, आतला रिले आणि पॉवर सप्लाय कामाला येतो, बायको म्हणते माळ्यावर जागा नाही पण एका खोक्याची होईल.